जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली

इंदूरच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरचा संगणक २०१४ साली, मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास गेला तेव्हा घेतलेला. मुलगा शिकून नोकरीनिमित्त बाहेर पडला. संगणक घरीच राहिला आणि त्याचा ताबा मामंजींनी घेतला. मामंजी निवृत्त शिक्षक, वय वर्षे ८१. गेली नऊ वर्षे ते आपल्या घराण्याचा व आपल्या पेठेचा इतिहास लिहीत आहेत. साडेचारशे पृष्ठे टंकून झाली आहेत. आता संगणक उघडला की पडद्यावर सूचना येते, की या प्रणालीचा आधार संपला. दुकानात नेला, तर दुकानदाराने यंत्राचे झाकणही न उघडता 'हे आता भंगार, नवे घ्या' असा निकाल दिला. भगिनी विचारतात, "नवे घेणे अगदीच अशक्य आहे असे नाही, पण घेण्याचे कारण तरी खरे आहे काय? आणि मामंजींच्या लिखाणाचे काय होईल?"

याच आशयाची पत्रे बडोदे, बेळगाव व हैदराबाद येथूनही आली आहेत. म्हणून उत्तर खासगी न धाडता येथेच देण्याचे योजिले आहे.

आधी 'आधार संपला' या शब्दांचा अर्थ पाहू. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. आपण एखादे पत्र लिहितो, ते डिस्कवर ठेवण्याचे, पडद्यावर दाखविण्याचे, छपाईयंत्राकडे धाडण्याचे काम हा कारभारी करीत असतो. विंडोज १० ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत केली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सर्वसाधारण आधार थांबविला. एवढ्या अवाढव्य प्रोग्रॅममध्ये चुका सापडत राहतात, त्या चुकांतून चोर आत शिरतात, आणि कंपनी दरमहा त्या बुजवीत असते. बुजविण्याचे हे काम थांबले, एवढाच त्या सूचनेचा अर्थ. वाड्याचा पहारेकरी सेवानिवृत्त झाला म्हणून वाडा कोसळत नाही. मात्र रात्री दाराशी कोणी नाही, हे चोरांना ठाऊक होते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी एक सवलतही जाहीर केली. जे नावनोंदणी करतील, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, अशी ती योजना. तो उपाय नव्हे. विचार करावयास मिळालेली सवड होय.

मग नवी प्रणाली, म्हणजे विंडोज ११, सरळ का घालू नये? कारण ती जुन्या यंत्रास दारातूनच परत पाठविते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ती आली, तेव्हा तिच्याबरोबर अटींची यादी आली. ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण या अटी फारशा जड नाहीत. अडचण पुढे आहे. तिला 'टीपीएम २.०' नावाची सोय हवी. हिला गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी तिजोरी म्हणावे. तिला 'सिक्युअर बूट' हवे, म्हणजे यंत्र सुरू होतानाच अनोळखी प्रोग्रॅम अडविण्याची व्यवस्था. आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, थोडे अपवाद वगळता, तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी २०१७ साली आली. इंदूरचे यंत्र त्यापूर्वीचे आहे, तेव्हा ते यादीबाहेर पडले.

या अटी निव्वळ विक्री वाढविण्यासाठी घातल्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धेच खरे वाटते. तिजोरीचा उपयोग आहे, दारावरच्या तपासणीचाही आहे. पण अट पुरी न होणे आणि यंत्र निकामी होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे दुकानदाराने सांगावयास हवे होते. '२०१४ चा प्रोसेसर नवी प्रणाली चालवू शकत नाही' हे विधान खोटे आहे. 'त्यावर काही बिघडले तर कंपनी जबाबदारी घेणार नाही' हे विधान खरे आहे. पहिले ऐकून यंत्र टाकून द्यावे लागते. दुसरे ऐकल्यावर, ही जबाबदारी आपल्या घरात कोण घेणार, एवढे ठरविले की पुरते.

येथे एक गोष्ट अवश्य पडताळून पाहावी. कित्येक यंत्रे, विशेषतः २०१८ नंतरची, केवळ एक कळ बंद असल्यामुळे नापास ठरतात. तिजोरी यंत्रात असते, पण कारखान्यातून येताना ती बंद ठेवलेली असते. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'डिव्हाइस सिक्युरिटी' या पानावर 'सिक्युरिटी प्रोसेसर' असा मथळा दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल, तर यंत्र सुरू होतानाच डिलीट, एफ-२ किंवा तत्सम कळ दाबून मूळ मांडणीच्या पडद्यावर जावे आणि इंटेलच्या यंत्रात 'पीटीटी', एएमडीच्या यंत्रात 'एफटीपीएम' या नावाची सोय चालू करता येते का, ते बघावे. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा छोटा प्रोग्रॅम मग पुन्हा चालवावा. हैदराबादच्या पत्रलेखकाचे यंत्र २०१९ चे आहे. माझा तर्क आहे, की त्यांना या लेखाचा उर्वरित भाग वाचण्याचे कारणच पडणार नाही.

उलटपक्षी काही यंत्रे खरोखरच थकलेली असतात. 'कोअर टू ड्युओ' या नावाचा प्रोसेसर असलेली यंत्रे आजही काही घरांत आहेत. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरला काही विशिष्ट आज्ञा कळाव्या लागतात, आणि त्या या यंत्रांना कळत नाहीत. तेथे कोणतीही पळवाट चालत नाही. इंदूरच्या यंत्राला मात्र त्या आज्ञा येतात.

आता पळवाटेविषयी. तो काही चोरमार्ग नव्हे. तिजोरीची जुनी १.२ आवृत्ती असलेल्या किंवा प्रोसेसर यादीत नसलेल्या यंत्रांवर नवी प्रणाली कशी चढवावी, हे खुद्द कंपनीनेच २०२१ साली आपल्या पानावर सांगितले होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, २.० च्या अटीत तडजोड नाही, असे तिने बजावले आणि २०२५ च्या आरंभी तो मजकूरही काढून घेतला. तथापि 'रूफस' नावाचा एक छोटा, विनामूल्य प्रोग्रॅम आहे. कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली विंडोज ११ ची प्रत तो पेन ड्राइव्हवर चढवितो, आणि चढविताना विचारतो, की स्मृती, सिक्युअर बूट व टीपीएम यांच्या अटी काढून टाकू का? त्या चौकोनात खूण केली की दार उघडते. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा आणि त्यावरील सारे पुसले जाते, हे ध्यानात असावे. बाजारात 'हलकी विंडोज' म्हणून कोणी कापून-छाटून तयार केलेल्या प्रती मिळतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. आत काय घातले आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

परंतु प्रणाली घालण्याच्या आधीच्या दिवसाविषयी मला अधिक सांगावयाचे आहे. कारण नुकसान होते ते त्या दिवशी.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या घरच्या यंत्रावर हाच प्रयोग केला. भाषांतराच्या व्यवसायात पडल्यापासून जमविलेली पारिभाषिक शब्दांची सूची त्यावर होती, सुमारे सहा हजार शब्दांची. कृषी, आरोग्य, सहकार, कायदा अशी प्रकरणे पाडलेली. सूचीच्या सर्व फायली मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, दोनदा मोजल्या आणि निर्धास्त मनाने जुनी डिस्क पुसून नवी प्रणाली घातली. ती उत्तम चालली. मग सूची उघडली, तर एकही मराठी अक्षर नाही! पानेच्या पाने रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे.

झाले होते ते असे. माझ्या सूचीचा जुना भाग युनिकोडमध्ये नव्हता. तो पूर्वीच्या एका फाँटात टंकला होता. त्या काळच्या अशा फाँटांत 'क' म्हणून जे दिसे, ते आतून रोमन वर्णमालेतील एखादे अक्षरच असे. त्यावर फाँट देवनागरीचा मुखवटा चढवी. मी लिखाण उचलले, मुखवटा पुसून टाकला. ज्या प्रोग्रॅमबरोबर तो फाँट आला होता, त्याची तबकडी सापडेना, आणि सापडली असती तरी ती वाचण्याचे साधन नव्या यंत्रांत राहिलेले नाही. पुढचे तीन आठवडे कसे गेले, ते लिहीत नाही. अखेर नागपूरच्या एका मुद्रितशोधक स्नेह्यांच्या अडगळीतल्या संगणकावर तो फाँट मिळाला आणि सूची पुन्हा वाचता आली. त्यानंतर ती युनिकोडमध्ये बदलून घेतली. तेथेही ऱ्हस्व इकार आणि रफार जागच्या जागी पडले नाहीत. जुन्या फाँटात ऱ्हस्व इकार दिसतो तसा, म्हणजे अक्षराच्या आधी टंकलेला असतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येतो. बदलून देणारा प्रोग्रॅम जोडाक्षर आले की चुकतो. त्या चुका मी अजूनही दुरुस्त करीत आहे. सहकाराचे प्रकरण राहिले आहे.

मामंजींनी नऊ वर्षांपूर्वी लिहावयास घेतले, म्हणजे २०१७ च्या सुमारास. तेव्हा युनिकोड सर्वत्र रूढ झाले होते. पण टंकलेखनयंत्रावर हात बसलेली पुष्कळ वडील मंडळी जुन्या फाँटांवरच काम करीत. म्हणून त्यांच्या फायलीतील एक ओळ उचलून ई-पत्रात चिकटवून पाहावी. मराठी राहिली तर चिंता नाही. रोमन खिचडी झाली तर 'फाँट्स' या खात्यातून तो फाँट लिखाणाबरोबर उतरवून घ्यावा, आणि शक्य तर साडेचारशे पृष्ठे छापून किंवा पीडीएफ करून ठेवावीत. पीडीएफमध्ये फाँट सहसा आतच बसविलेला असतो, तेव्हा तो मजकूर कोठेही वाचता येतो.

आणि मी जी चूक केली ती टाळण्याचा याहून साधा मार्ग आहे : जुनी डिस्क पुसूच नये.

२०१४ च्या बहुतेक यंत्रांत फिरत्या तबकडीची डिस्क असते. यंत्र मंद वाटते ते मुख्यतः तिच्यामुळे. प्रोसेसरचा त्यात दोष थोडा. ही डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी साठवण, बसवावी. अडीच इंची, 'साटा' जोडणीची मागावी. स्मृती ४ जीबी असेल तर ८ करावी. मात्र त्या काळच्या यंत्रांना डीडीआर-३ जातीची स्मृती लागते आणि त्यांतील बहुतेक लॅपटॉपना तिचाच कमी दाबाचा प्रकार, डीडीआर-३एल. दुकानदार डीडीआर-४ हाती ठेवील. ती खाचेत बसतच नाही. नवी प्रणाली या नव्या एसएसडीवर घालावयाची. जुनी डिस्क, तिच्यावरील विंडोज १०, मामंजींचे लिखाण, फाँट, सारे जसेच्या तसे, कागदात गुंडाळून कपाटात. प्रयोग फसला तर चार स्क्रू काढून डिस्क परत बसविली की घर पूर्ववत. फसला नाही, तर तीच डिस्क एका स्वस्त यूएसबी पेटीत घालून हवे ते नव्या प्रणालीत उतरवून घेता येते. विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी निगडित असतो, डिस्कशी नव्हे. तेव्हा डिस्क बदलली म्हणून तो जात नाही.

एक खबरदारी राहिली. काही यंत्रांत डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात बंद केलेली असते. 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का, हे डिस्क काढण्यापूर्वी पाहावे, आणि असल्यास ४८ अंकी किल्ली वहीत उतरवून घ्यावी. ती नसेल तर कपाटातली डिस्क म्हणजे बंद पेटारा. तो कोणालाही उघडता येणार नाही.

एसएसडी न बदलता जुन्यावरच नवी प्रणाली चढविणारांसाठी एवढेच सांगतो, की चढविल्यानंतर दहा दिवसांच्या आत विंडोज १० कडे परत जाता येते, नंतर नाही. त्या दहा दिवसांत छपाईयंत्र, स्कॅनर, ध्वनी, कॅमेरा सर्व चालवून पाहावे.

पळवाटेने घातलेल्या विंडोज ११ ला मासिक दुरुस्त्या साधारणपणे मिळत राहतात, पण मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. घालतानाच एक सूचना पडद्यावर येते. तिचा आशय असा, की यंत्र अटींत बसत नाही, नुकसान झाल्यास ते वॉरंटीत धरले जाणार नाही. मान्य असेल तर पुढे जा. ती सूचना न वाचता 'मान्य' दाबू नये. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र अशा यंत्रांवर सहसा आपण होऊन येत नाही. पेन ड्राइव्हचा सारा खटाटोप दरवर्षी करावा लागतो. घरात तो करणारे कोणी असेल तरच हा मार्ग धरावा. इंदूरचा मुलगा दिवाळीला घरी येत असेल, तर काम होण्यासारखे आहे.

तो येत नसेल, तर माझा कौल लिनक्सकडे आहे. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. केरळातील सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आली आहेत, आणि आपल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली सिद्ध केली. घरगुती वापरास मी 'लिनक्स मिंट' सुचवितो. तिची मांडणी जुन्या विंडोजशी मिळतीजुळती आहे, २ जीबी स्मृतीवरही ती उभी राहते, टीपीएमचा हट्ट धरीत नाही, आणि तिच्या २०२४ साली निघालेल्या बाविसाव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. हे सारे विनामूल्य. सर्वांत सोयीची गोष्ट अशी, की ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. डिस्कला हातही लागत नाही. थोडी मंद चालते, पण आवाज येतो की नाही, छपाई होते की नाही, हे अर्ध्या तासात कळते.

मराठी टंकलेखनाची चिंता करू नये. इन्स्क्रिप्ट तीत आहेच. उच्चारानुसारी आराखडे आहेत. टंकलेखनयंत्राची सवय असणारांसाठी देवनागरीचा रेमिंग्टन आराखडाही बसविता येतो. जुना फाँट तीत घातला तर जुने लिखाण 'लिबरऑफिस'मध्ये वाचताही येते. पण त्या जुन्या फाँटात पुढे लिहिण्याचा प्रोग्रॅम लिनक्सवर सहसा चालत नाही. शिवाय हिशेबाचे काही प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालतात, आणि डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी टोकने कधीकधी लिनक्सवर फार छळतात. घरात कोणाचा व्यवसाय त्यांवर अवलंबून असेल, तर लिनक्स नको.

ॲपलच्या जुन्या यंत्रांविषयी बडोद्याहून विचारणा झाली आहे. त्यांच्यासाठी 'ओपनकोअर लेगसी पॅचर' नावाचे साधन आहे. त्याची हकीकत निराळी आहे आणि एका परिच्छेदात मावणारी नाही. पुढे केव्हातरी.

एवढे लिहून झाल्यावर इंदूरला थोडक्यात उत्तर धाडले होते. परवा भगिनींचे दुसरे पत्र आले. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. पडदा, आवाज, छपाई ठीक. स्कॅनर ओळखला गेला नाही. फाँटाची परीक्षा केली, ओळ रोमन झाली. म्हणजे मामंजींची साडेचारशे पृष्ठे जुन्या मुखवट्यातलीच आहेत. मामंजी म्हणतात, पुस्तक पुरे होईस्तोवर मी जुन्यावरच लिहिणार, हवे तर त्याची इंटरनेटची तार काढून टाका. मला त्यांचे म्हणणे पटले. जे यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेलेच नाही, त्याला पहारेकऱ्याची गरज फारच थोडी. फक्त बाहेरून येणारे पेन ड्राइव्ह त्याला लावू नयेत, आणि दर रविवारी लिखाणाची प्रत त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या एका पेन ड्राइव्हवर घ्यावी. बँकेचे व्यवहार सूनबाई आपल्या फोनवरून करतातच. एसएसडी आणून ठेवली आहे, ती तूर्त खोक्यातच आहे. मामंजींची तीन प्रकरणे लिहावयाची राहिली आहेत.